जहाजाने पाठवलेला कोसा

उभ्या आयुष्यात आपण एकच काम मन लावून चोख केलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते काम म्हणजे एक तक्ता. फुलस्केप कागदावर मधोमध रेघ, रेघेच्या डावीकडे 'विमान', उजवीकडे 'जहाज'. परदेशी माल पाठवायच्या दोन वाटांची तुलना. अक्षर मोत्यासारखं, खाली लाल शाईने निष्कर्ष. त्या निष्कर्षाची शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्याच माणसाला झाली. ते सगळं आता सांगून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मोहाडीला एका शेठकडे कारकून होतो. शेठचा धंदा कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, कापडाचा. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवरून कोसा यायचा, बायका त्याचं सूत मांडीवर काढायच्या, पुरुष मागावर थानं विणायचे, आणि शेठ ती थानं नागपूर-मुंबईला विकायचे. विणकरांचं गाव मोहाडीपासून सायकलने अर्ध्या तासावर होतं. शेठने मला ठेवलं ते एकाच गुणासाठी. मला इंग्रजी पत्र लिहिता यायचं, आणि दोन बोटांनी का होईना, ते टाइप करता यायचं. शेठ मला 'बाबू' म्हणत आणि पाहुण्यांपुढे 'हा आमचा इंग्लिशवाला' असं, नवा घेतलेला पंखा दाखवावा तसं दाखवत. मला त्याचा राग येई आणि तो पाहुणा गेल्यावर दुसरा कधी येतो याची मी वाटही बघे.

राहायला गोदामामागची खोली होती. आई मी लहान असतानाच गेली. साकोलीला वडिलांचा दुसरा संसार होता, त्यात मी दिवाळीपुरता. तिसऱ्या दिवशी 'थांब' असं कोणी म्हणत नसे आणि मीही बस चुकू देत नसे. मोहाडीत कामाशिवाय माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. रविवार तर अंगावर यायचा. स्टोव्हवर भात टाकायचा, समोरची भिंत बघत खायचा, मग ताट घासायचं, तेही सावकाश, कारण त्यानंतर करायला काही उरायचं नाही. मी एकटा होतो आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

विणकरांच्या गावात तीन मागांचं एक घर होतं. त्या घरच्या बाईला मी मावशी म्हणायचो. नात्यागोत्याची नव्हे. पन्नाशीची, उंच, तोंडाची फटकळ. नवरा अबोल, मुलगा मागावर. पहिल्यांदा थानं मोजायला गेलो तेव्हा तिने विचारलं, "जेवला काय बापू?"

मी हो म्हणालो.

"काय खाल्लं?"

मी थानं पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.

"खोटं बोलाले बी अक्कल लागते," ती म्हणाली आणि तरोट्याची भाजी नि भात पुढे सरकवला.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी मी काहीतरी निमित्त काढून त्या गावाला जायचो. थानं मोजलेली असली तरी पुन्हा मोजायचो. मावशी ओसरीवर सूत काढत बसलेली असायची. लुगडं गुडघ्यावर सारलेलं, मांडीवर तळहाताने धागा वळत तिचं बोलणं चालू असायचं. कधी तळ्यातल्या झिंग्यांची भाजी राखून ठेवलेली असायची. एखाद्या आठवड्यात गेलो नाही तर पुढच्या वेळी दारातूनच विचारायची, "काहून रे, मरून गेलता काय?" माझी वाट बघणारं जगात ते एकच घर होतं.

त्या गल्लीची एक रीत होती. कोणाच्याही मागावरचं थान गावाबाहेर निघालं की आधी मावशीच्या ओसरीवर यायचं. ती त्याच्या शेवटच्या घडीत हळद लावलेले मूठभर तांदूळ, एक हळकुंड आणि एक सुपारी ठेवायची. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात, तशी थानाची ओटी. मावशीच्या हाताला यश आहे, तिने ओटी भरलेलं थान कधी परत येत नाही, असं गल्ली मानायची. कोणी हे तिच्यासमोर बोललं की ती उगाच पदर सारखा करायची.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, कापडाला कसली ओटी?"

"कोसा घरात आला तेव्हापासून धर. चार महिने हाताखालून जाते, घरात राह्यते. मंग लेकच झाली ना? तुले नाई समजाचं, तुह्या घरी कोणी बाईमाणूस नाई."

ती फटकन बोलून गेली आणि मला ते लागलं. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्या दिवशी तिने मला दुसऱ्यांदा भात वाढला.

मग जर्मनीतल्या एका कापडवाल्याचं पत्र आलं. शेठने नमुन्याची दोन थानं नागपूरहून विमानाने पाठवली. पुढच्या आठवड्यात ती पोचलीसुद्धा. कापड पसंत पडलं. पत्राच्या शेवटी त्याने विचारलं होतं की घडीत पिवळे तांदूळ कशासाठी होते, आणि लिहिलं होतं की माझ्या बायकोने ते एका वाटीत काढून ठेवले आहेत. मी ते पत्र मावशीला मराठीत वाचून दाखवलं. तिने तेवढा भाग दोनदा वाचायला लावला.

"वाटीत ठेवले म्हंते? चांगल्या घरची दिसते बाई," ती म्हणाली. नंतर कितीतरी दिवस गल्लीत हीच गोष्ट चालू होती.

पाठोपाठ साठ थानांची मागणी आली. सगळी गल्ली कामाला लागली. श्रावण लागेपर्यंत थानं तयार झाली, आणि प्रश्न उभा राहिला की एवढा माल पाठवायचा कसा, विमानाने की जहाजाने. शेठच्या सांगण्यावरून मी मुंबईच्या एका एजंटाला पत्र घातलं. त्याचं चार पानी इंग्रजी उत्तर आलं, आणि मी तक्ता करायला बसलो.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. विमानाचा हिशेब वजनावर. पण पेटी मोठी आणि हलकी असली तर ते तिची लांबी-रुंदी मोजतात आणि ती जड असल्यासारखं भाडं लावतात. जहाजाचा हिशेब जागेवर. पेटीने किती जागा अडवली तेवढं बघायचं, आत कापूस भरा की लोखंड. विमानाचं भाडं जहाजाच्या कितीतरी पट. विम्याचा हप्ता मात्र जहाजाला जास्त. विमानाला पुठ्ठ्याची खोकी चालतात, जहाजाला लाकडी पेट्या हव्यात. विमानाने आठवडाभरात माल दारात. जहाजाने चाळीस-पन्नास दिवस, शिवाय जहाज लागेपर्यंत गोदीत पडून राहील ते वेगळं. आणि एक मोठा फरक कागदाचा. विमानाचा कागद ही नुसती पावती. माल पोचला की नाव असलेला माणूस तो घेऊन जातो. जहाजाचा कागद ज्याच्या हातात, माल त्याचा. बँकेत पैसे भरल्याशिवाय समोरच्याला तो कागद मिळत नाही आणि कागदाशिवाय माल मिळत नाही. हे सगळं मी मांडलं, आणि यातलं काहीच खोटं नव्हतं.

पण एजंटाच्या पत्रात, तिसऱ्या पानावर, आणखी एक परिच्छेद होता. त्याचा अर्थ असा: अस्सल रेशीम पावसाळ्यात समुद्रमार्गे पाठवू नये. जहाजाच्या पोटात ओल असते, लोखंडी भिंतींना घाम सुटतो. पाठवायचंच असेल तर पेटीला आतून जस्ताच्या पत्र्याचं अस्तर लावून ती झाळून बंद करावी. आमचा सल्ला विमानाचाच आहे.

हा परिच्छेद तक्त्यात आला नाही. मी तो वाचला होता, पेन्सिलने त्याखाली रेघही ओढली होती. पण विमानाने माल गेला असता तर नागपूरला खोकी सोपवून मी त्याच दिवशी परत आलो असतो, त्याच खोलीत. जहाजाने गेला तर मालाबरोबर मुंबईला कोणाला तरी जावं लागणार होतं, आणि इंग्रजी येणारा मी एकटाच होतो. मी समुद्र पाहिला नव्हता. मला वाटत होतं की मीही एकदा कुठेतरी जावं आणि परत येऊन मावशीच्या ओसरीवर बसून ते सांगावं. सांगायला काही असलं म्हणजे माणूस तेवढा एकटा राहत नाही, अशी माझी समजूत होती. एवढ्यासाठी मी साठ थानांचा परिच्छेद गिळला.

शेठने तक्ता डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिला. त्यांना भाड्यापेक्षा कागदाची गोष्ट पटली. "म्हंजे चिठ्ठी आपल्या हातात तं माल आपल्या हातात," ते म्हणाले. "बाबू, पेटीत काही खास लागते काय?"

"लाकडी पेटी आणि ताडपत्री," मी म्हणालो.

"मंग जहाजानंच जाऊ दे."

निघायच्या आदल्या दिवशी साठही थानं मावशीच्या ओसरीवर आली. ती न्हाऊन धुवट लुगडं नेसून बसली होती. तांदळाची परात पुढे, हळद कालवलेली. पहिलं थान मांडीवर घेऊन तिने मला विचारलं, "किती दिवसाचा परवास हाये बापू?"

"कशाला?"

"अरे, पावसाळा हाये. दाणा महिनाभर कोंडून राह्यला तं ओल धरते, सोंडे पडतेत. लांबचं असन तं नुसती सुपारी ठेवीन. हळद-तांदूळ नाई ठेवत."

धानाच्या मुलखातल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. मी खरं सांगितलं असतं, पन्नास दिवस, तर ती चमकली असती. दाण्याला ओल लागते तर कापडाला नाही का, असं तिने विचारलं असतं, तिच्या नवऱ्याने शेठला विचारलं असतं, आणि माझी मुंबई राहून गेली असती.

"आठ-दहा दिवस," मी म्हणालो.

ती हसली. "मंग काई हरकत नाई." साठ थानांच्या साठ घड्यांत तिने मुठीमुठीने तांदूळ ठेवले. मी शेजारी बसून थानं उलगडून देत होतो.

मुंबईचं काय सांगू. समुद्र मी लोखंडी कुंपणातून पाहिला. पाणी मातकट होतं, वर तेलाचा तवंग. आमचं जहाज अजून आलंच नव्हतं. पेट्या एका शेडमध्ये ओल्या फरशीवर उतरवल्या. एजंटाच्या माणसाने पाच-सहा कागदांवर माझ्या सह्या घेतल्या आणि म्हणाला, "आता तुम्ही गेलात तरी चालेल." मी दोन दिवस तसाच हिंडलो. एवढ्या माणसांत मला कोणीच ओळखत नव्हतं, आणि मोहाडीच्या रविवारपेक्षा ते वाईट होतं. परत आल्यावर मावशीला मात्र मी निळा समुद्र सांगितला, घराएवढ्या लाटा सांगितल्या, मोठं पांढरं जहाज सांगितलं. ती सूत काढायचं थांबवून ऐकत होती.

कार्तिकात जर्मनीचं पाकीट आलं. आत पत्र, काही फोटो आणि कापडाचा एक तुकडा. तुकड्यावर हाताएवढा पिवळा डाग, मध्ये काळं पडलेलं. त्याला कुबट वास येत होता. पत्रात लिहिलं होतं की घडीतले दाणे ओलीने कुजले, त्यात किडे झाले, हळद कापडात उतरली. त्यांच्या बंदरावर तपासणीत पेट्या उघडल्या आणि किडे बघून अडकवून ठेवल्या, हा तुकडा तिथूनच आणलेला. बँकेत पैसे भरणार नाही, माल घेणार नाही. यापुढे मागणीही नाही.

शेठने गल्लीतल्या सगळ्या घरांची माणसं मारुतीच्या पारावर बोलावली. मावशीही आली होती, बायकांत मागे उभी. शेठने तो तुकडा हातोहात फिरवला. ज्याच्या हातात जाई तो नाकाजवळ नेई आणि खाली मान घालून पुढे देई. माझ्या मांडीवर फाइल होती, फाइलमध्ये एजंटाचं पत्र होतं.

"हे दाणे कोणं टाकले?" शेठने विचारलं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

मावशीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, हा बाबू मले आठ-दहा दिवस म्हणे. तिला तेवढं म्हणायचा पूर्ण हक्क होता. तिने नजर काढून घेतली.

"म्याच टाकले," ती म्हणाली.

पोरगं चुकलं असेल, त्याची नोकरी जाईल, असा विचार करून तिने मला वाचवलं. ते मला तिथेच कळलं. आणि कळूनही मी फाइल उघडली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी बसल्या जागेवरून पाहिलं.

शेठने निकाल दिला की यापुढे कोणत्याच थानात दाणा जाणार नाही, आणि मावशीच्या घराला त्यांच्याकडून कोसा मिळणार नाही. गल्लीने त्यावर आपला निकाल जोडला. तिच्या ओसरीवर कोणी थान नेईना. कोणाच्या घरी लग्न असलं तरी तिला ओटी भरायला कोणी बोलवीना. ज्या हाताला यश होतं तो हात चार-सहा महिन्यांत अपेशी ठरला. काही बायका तर पाण्याला जाताना सकाळी सकाळी तिचं तोंड नको म्हणून वळसा घालू लागल्या.

मी सुरुवातीला दोन-तीनदा तिच्याकडे गेलो. ती जेवायला वाढायची, पण मी अर्धं ताट तसंच सोडून उठायचो. मग मी जायचं सोडलं. पुढची मागणी फ्रान्सकडून आली, तिचा माल विमानाने गेला. तेव्हा तक्ता कोणी मागितला नाही. मी खोलीत भात टाकायचो, भिंत बघायचो. आता 'मरून गेलता काय' असं विचारायलाही कोणी उरलं नव्हतं, आणि ती सोय माझी मीच केली होती.

अशी तीन वर्षं गेली. मला नागपूरला एका ऑफिसात नोकरी लागली. मोहाडी सोडायच्या आदल्या दिवशी मी फाइलमधून ते पत्र काढलं आणि सायकल काढली.

मावशीच्या घरी एकच माग उरला होता, त्यावर गोवऱ्या रचलेल्या. मुलगा तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणीत रोजीने जात होता. ती स्वतः लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवण्याला, रोपं लावायला, जात होती. तिने मला बसायला पोतं टाकलं. मी पत्र उघडलं आणि तिसऱ्या पानावरचा परिच्छेद तिला मराठीत वाचून दाखवला. पेन्सिलची रेघही दाखवली. म्हटलं, "हे मला आधीपासून माहीत होतं मावशी. पन्नास दिवस लागतील हेही माहीत होतं. तुझ्या तांदळाने काही झालं नाही. विमानाने गेले तेव्हा तेच तांदूळ त्या बाईने वाटीत ठेवले होते."

मी रडत होतो, मला वाटतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मले वाटलं तुले बी ठावं नसन," ती म्हणाली. "म्हून मी चूप राह्यली."

"मला माफ कर."

"मले सांगून काय फायदा? माह्या हातावर माहा इश्वास होता, तो या गल्लीनं नेला. मी एकटीनं आयकून तो वापस येते काय? आज शेठ पारावर आला हाये, थानं घ्याले. चार माणसं बी हायेत. चार माणसात सांग."

"सांगतो," मी म्हणालो, आणि तेव्हा मला खरंच सांगायचं होतं.

पारावर शेठ बसले होते, गल्लीतली आठ-दहा माणसं होती. मला बघून शेठ म्हणाले, "या बाबू, नागपूरवाले साहेब!" सगळे हसले. कोणीतरी सरकून जागा दिली. चहा आला. शेठने सगळ्यांना सांगितलं की पोरगा हुशार, आपल्याकडे तयार झाला. मला कधी कोणी चारचौघांत असं म्हटलं नव्हतं. पत्र खिशात होतं, माझा हात खिशावर होता. चहा संपला. मी शेठच्या पाया पडलो, सगळ्यांना येतो म्हणालो आणि उठलो.

गल्लीच्या वळणावर मावशी उभी होती. पारावरचं ऐकू येईल इतकी जवळ नव्हती, दिसेल इतकी होती. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने विचारलं, "सांगतलं?"

"हो," मी म्हणालो.

"शेठ काय म्हणे?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

तिने मोठा श्वास सोडला. तीन वर्षांनी ती मला तशी हसताना दिसली. "बरं झालं बापू. मंग उद्या सकाळीच जातो मी शेठकडं, कोसा मागाले. पोराले बी निरोप धाडतो."

उद्या सकाळी सहाच्या बसचं तिकीट माझ्या खिशात होतं.